बी-५९ च्या पोटात

पहिला श्वास घेताच तुमच्या लक्षात येतं की इथे घेण्याजोगी हवा उरलेलीच नाही. डिझेलचा वास, घामाचा वास, बॅटऱ्यांचा वास, आणि त्यात सत्तर-ऐंशी माणसांनी पुन्हा पुन्हा सोडलेला कार्बन डायऑक्साइड. माणसं नुसत्या चड्ड्यांवर आहेत. बर्फाळ उत्तरेतल्या समुद्रासाठी बांधलेली ही सोव्हिएत पाणबुडी सरगॅसो समुद्राच्या कोमट पाण्यात शिजून निघते आहे. आत पारा ४५ अंशांच्या वर गेलाय. प्यायला दिवसाला एक पेला पाणी. कोणी उभ्या उभ्या कोसळला तर त्याला फक्त बाजूला सरकवतात.

तारीख २७ ऑक्टोबर १९६२, शनिवार. तुमच्या घरी हे दिवाळीचे दिवस आहेत, आणि चीनने २० तारखेला हल्ला केल्यापासून सगळ्यांचे कान नेफा-लडाखच्या बातम्यांना लागलेत. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग कुठवर आलंय याची चिंता करायला फुरसत कुणाला! इथे मात्र दुसरा विषय नाही. आजच क्यूबावर अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान पाडलं गेलंय आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झालाय. पाणबुडीत हे कोणालाच ठाऊक नाही. खोल बुडी मारलेली असताना रेडिओ बंद. वर युद्ध सुरू झालंय की नाही, हे तर्कानेच ठरवायचं.

आणि मग दणका बसतो. पाठोपाठ दुसरा. ऑर्लोव नावाच्या अधिकाऱ्याने पुढे सांगितलं की लोखंडी पिंपात बसवून बाहेरून घण घालावेत तसं वाटत होतं. तुम्ही मागाहून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: वर अमेरिकेची रँडॉल्फ ही विमानवाहू नौका आणि तिच्या विनाशिका आहेत, त्या टाकताहेत ते सरावाचे डेप्थ चार्ज, त्यांचा अर्थ एवढाच की वर या. हा इशारा कसा ओळखायचा याचं निवेदन अमेरिकेने मॉस्कोला नुकतंच पाठवलंय. या पाणबुडीपर्यंत ते पोचलेलं नाही. आणि उलट बाजूने, सरावाचे फटाके टाकणाऱ्यांना हे माहीत नाही की खाली पुढच्या कप्प्यात बावीस टॉर्पेडोंपैकी एकाच्या टोकाला अणुबॉम्ब आहे, ताकदीने हिरोशिमाच्या पंगतीतला. ओरडून सांगावंसं वाटतं ना? पण तुमचा आवाज इथे कोणाला ऐकू जात नाही.

कप्तान व्हॅलेंटिन साविट्स्कीचा संयम सुटतो. तो अणुबॉम्बवाला टॉर्पेडो सज्ज करायला सांगतो. राजकीय अधिकारी मास्लेनिकोव आणि ताफ्याचा चीफ ऑफ स्टाफ वासिली आर्खिपोव त्याच्यापाशी येतात. आर्खिपोवकडे नीट पाहून घ्या. गेल्याच वर्षी के-१९ या पाणबुडीची अणुभट्टी बिघडली तेव्हा तो तिच्यावर होता. किरणोत्साराने सहकारी मरताना त्याने पाहिलेत. तो काय बोलला, हे मी सांगणार नाही. कारण हकीकती जुळत नाहीत. एका सांगण्यानुसार तिघांची खालीच वादावादी झाली. दुसऱ्यानुसार खरी जोखमीची घटका पाणबुडी वर आल्यानंतरची. एका माणसाने जग वाचवलं, ही गोष्ट ऐकायला फार सोपी आहे, आणि म्हणूनच मला ती थोडी संशयास्पद वाटते.

बॅटऱ्या संपत आल्यात. रात्री नऊच्या सुमारास बी-५९ वर येते. अमावास्या जवळ आलीय, काळोख दाट. शिडीवरून चढून तुम्ही तोंड उघडता आणि ताजी हवा घशाला चटका देते. तेवढ्यात प्रखर झोत डोळ्यांवर येतात, आणि खाली झेपावणारं विमान आगीच्या रेघा ओढत जातं. पुन्हा हल्ला! या दुसऱ्या हकीकतीनुसार साविट्स्की बुडी मारायला सांगतो, टॉर्पेडोही सज्ज करायला. पण पाणबुडीच्या अरुंद तोंडात संदेशवाहक त्याच्या दिव्यासकट अडकतो. खाली उतरायला वाट नाही. या खोळंब्यात मागे राहिलेला आर्खिपोव समोरच्या कॉनी या विनाशिकेचा लुकलुकणारा दिवा वाचतो. विमानाच्या वागण्याबद्दल ती माफी मागते आहे. आदेश मागे घेतला जातो.

दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्षेपणास्त्रं परत नेण्याचं जाहीर केलं. आर्खिपोव १९९८ साली गेला. २००२ साली हवानामध्ये या संकटाला चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने परिषद भरली, तिथे त्या टॉर्पेडोचा विषय निघाला. १९६२ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅक्नामारा परिषदेला हजर होते; तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते.