शस्त्रक्रियेच्या दोन वाटा : इतिहास काय सांगतो?

डॉक्टर होणे हे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे स्वप्न असते. पण एम.बी.बी.एस. ही शिक्षणाची अखेर नव्हे, हे फार थोड्या पालकांच्या लक्षात आलेले असते. साडेपाच वर्षांनंतर विद्यार्थ्यापुढे पुन्हा एक फाटा येतो. ज्याला शस्त्रक्रियेची आवड आहे त्याने जनरल सर्जरी घ्यावी की अस्थिव्यंगोपचार, म्हणजे ऑर्थोपेडिक्स? दोन्ही अभ्यासक्रम तीन वर्षांचे आणि दोन्हींची पदवी एम.एस. मग निवड कशाच्या आधारे करावी? कोणती शाखा श्रेष्ठ, कोणत्या शाखेत मिळकत अधिक, असे प्रश्न घरोघरी विचारले जातात. या शाखा वेगळ्या का झाल्या, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः निवडीचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

हा विचार करण्यास आपल्या महाराष्ट्रात सेवाग्रामइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. विदर्भातील दुसऱ्या शेगावशी गोंधळ होऊ लागल्याने १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात डॉ. सुशीला नायर यांनी चालविलेल्या दवाखान्यातून पुढे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. आरंभी ते स्त्रिया व मुलांसाठी होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, त्याला जोडून महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात वसलेले वैद्यकीय महाविद्यालय ही त्या काळी नवीच गोष्ट होती. आश्रमातील निवास, खादीचा पोषाख आणि दत्तक खेड्यातील कुटुंबांची भेट यांनी तेथील विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा प्रारंभ होई. आधी रुग्णाचे घर पाहावे आणि मग पुस्तक उघडावे, हा त्यामागील हेतू होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्राचीन काळी शस्त्रक्रियेच्या या दोन वाटा नव्हत्याच. सुश्रुतसंहितेत पोटावरील शस्त्रकर्मही आहे आणि मोडलेल्या हाडांचे व निखळलेल्या सांध्यांचे वर्गीकरणही आहे. स्पेनमधील कॉर्डोव्हा शहराजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल् झहरावी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास ‘अल् तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यातील पहिले प्रकरण डागण्याचे, दुसरे छेदन व जखमा शिवण्याचे आणि तिसरे हाडे बसविण्याचे. उपकरणांची चित्रेही त्यांनी सोबत दिली. बाराव्या शतकात या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील शस्त्रवैद्यांनी तो पुढे कित्येक शतके वापरला. थोडक्यात, एकाच ग्रंथात आणि एकाच गुरूच्या हाती दोन्ही विद्या होत्या.

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द १७४१ साली निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने बनविला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सरळ’ आणि ‘मूल’ असा होतो. वाकड्या रोपाला काठी बांधून सरळ करावे, तसे मुलांच्या शरीरातील व्यंग दूर करावे, ही त्यामागील कल्पना होय. काठीला बांधलेले ते वाकडे झाड आजही या शाखेचे बोधचिन्ह आहे.

पुढे १८४६ साली ईथरची भूल आली. त्यानंतर जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत शोधली. १८६५ साली ग्लासगो येथे गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही आणि पाय वाचला. ज्या शोधामुळे पुढे सर्जनांना पोट निर्धास्तपणे उघडता येऊ लागले, त्याची कसोटी अशी एका मोडलेल्या पायावर लागली होती! एका शाखेचे ऋण दुसरीवर कसे असते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

१८९५ साली राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि मोडलेले हाड डोळ्यांना दिसू लागले. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडून हजारो सैनिक दगावत होते. ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केलेल्या आधारपट्टीने त्यांतील पुष्कळांचे प्राण वाचले. थॉमस हे वेल्समधील पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातील. युद्धात ही पट्टी त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांच्या पुरस्काराने सर्वत्र पोहोचली. जायबंदी सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याच्या गरजेतून ही शाखा वेगळी व बळकट झाली. भारतात असोसिएशन ऑफ सर्जन्स १९३८ साली स्थापन झाली आणि तिच्याच छत्राखाली वाढलेल्या अस्थितज्ज्ञांनी १९५५ साली आपली स्वतंत्र संघटना उभारली.

आपल्याकडे या शाखेची गरज विशेषतः पोलिओने दाखवून दिली. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्या आईने केवळ स्वतःच्या मुलीपुरते न पाहता १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. पुढे लसीकरणाने या रोगाला आळा बसला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. म्हणून अस्थितज्ज्ञांचे काम संपले काय? नाही. रस्त्यावरील अपघात आणि वृद्धांचे झिजलेले सांधे यांनी त्यांच्या वॉर्डातील खाटा भरल्या.

जनरल सर्जरीचे स्वरूप कळण्यास गांधीजींच्याच आयुष्यातील एक प्रसंग पुरेसा आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा विकार जडला. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी करण्यात आली. अशा वेळी सर्जनाला उद्यापर्यंत थांबता येत नाही. आतडे फुटले, रक्तस्राव झाला की निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. हीही शाखा बदलत आली. १९९० साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि जिथे मोठा छेद लागे तिथे लहान छिद्रे पुरू लागली.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जनरल सर्जन बहुधा प्राणासाठी झगडतो, तर अस्थितज्ज्ञ रुग्णाच्या चालत्या-फिरत्या जीवनासाठी. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे अपेंडिक्स फुटले तर त्याला त्याच रात्री सर्जन हवा. तोच शेतकरी बैलगाडीवरून पडून मांडी मोडून घेईल, तर पुढचे कित्येक महिने, त्याचे पाऊल पुन्हा शेतात पडेपर्यंत, त्याला अस्थितज्ज्ञाची सोबत हवी. त्याचा पाय आखूड राहिला तर सारे घर लंगडते. यांत थोर कोण आणि लहान कोण?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, निवड करताना आपला स्वभाव तपासा. अपुऱ्या माहितीवर तातडीने निर्णय घेण्याचे धैर्य असेल, पोट, स्तन, गळा अशा विविध अवयवांचे कुतूहल असेल आणि पुढे मूत्ररोग, प्लास्टिक सर्जरी किंवा बालशल्यचिकित्सा यांसाठी आणखी तीन वर्षे शिकण्याची तयारी असेल, तर जनरल सर्जरी तुमची आहे. यंत्राची घडण समजून घेण्यात रस वाटत असेल, एकाच रुग्णाला महिनोन् महिने पाहण्याची चिकाटी असेल आणि तो पुन्हा चालू लागल्याचा आनंद मोठा वाटत असेल, तर अस्थिव्यंगोपचार निवडा. प्रवेश परीक्षेतील क्रमांक पुष्कळ काही ठरवितो हे खरे. परंतु दोन्ही दारे उघडी असतील तर शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले हे पाहू नका. इंटर्नशिपमध्ये दोन्ही वॉर्डांत मन लावून काम करा आणि थकव्यानंतरही कुठे पाय रेंगाळतात ते पाहा.

पालकांनाही एक विनंती. हाडांची शाखा ताकदीची, ती मुलींची नव्हे, असे म्हणून मुलीची वाट अडवू नका. आज यंत्रे व साधने पुष्कळ आहेत. हवे असते ते कौशल्य, आणि कौशल्य कोणा एकाच्या मालकीचे नसते. सेवाग्रामचे रुग्णालय आणि महाविद्यालय एका स्त्री डॉक्टरच्याच पुढाकाराने उभे राहिले, याचा विसर पडू नये. आपल्या मुलाच्या वा मुलीच्या हाती सुरी द्यायची की प्लास्टर, हे त्यांना ठरवू द्या. त्या हातांना गरिबाच्या देहाची कदर असावी, हे मात्र आपण घरातच शिकवावयाचे आहे.