वसईचे मीठ आणि रक्ताचा दाब

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो त्यांच्याकडून जिंकून घेतला. परंतु अंमल कोणाचाही असो, खाडीकाठच्या खाजणांत भरतीचे पाणी घ्यावे, ते उन्हात आटू द्यावे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाच्या शुभ्र राशी उचलाव्यात, हा आगरी माणसाचा उद्योग या किनाऱ्याच्या अंगवळणी पडला होता. इंग्रजी अमदानीत याच मिठावरील कर सरकारी महसुलाची मोठी बाब ठरला. ज्या जिनसाचा वजनवार हिशेब सरकारदप्तरी लिहिला जाई, तो मनुष्याच्या पोटात किती जावा, याचा हिशेब मात्र वैद्यकाला फार उशिरा मांडता आला.

अति मिठाने रक्ताचा दाब वाढतो, हे पारखण्यासाठी आधी तो दाब मोजता येणे आवश्यक होते. १८९६ मध्ये रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा दिला. १९०५ मध्ये कोरोत्कोव यांनी नाडीचे ध्वनी ऐकून वरचा आणि खालचा, असे दोन्ही आकडे ओळखण्याची रीत घालून दिली. औषधाच्या बाबतीत मात्र मोठे कर्तृत्व वसईपासून जवळच, मुंबईत घडले. आपल्या वैद्यकाला पूर्वापार परिचित असलेल्या सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरील परिणाम डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर पारखला आणि १९४९ मध्ये तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. या औषधाने काही रुग्णांचे मन खिन्न होते, असे पुढे आढळले आणि अधिक निर्धोक गोळ्या आल्यावर ते मागे पडले. तथापि त्याने वकिलांच्या कार्याची थोरवी तिळमात्र उणावत नाही.

आता वसईच्या स्वयंपाकघराविषयी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर वाळत घातलेला बोंबील बहुधा केवळ ऊन-वाऱ्याने सुकतो. खारवलेल्या मासळीच्या अंगात मात्र मीठ मुरलेले असते. सरसकट सगळ्या सुक्या मासळीला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. खारी मासळी, लोणचे, पापड आणि पानात वरून घेतलेले मीठ यांना आवर घालावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमीच, मीठ सांगितले आहे. नित्य चालणे आणि तंबाखू सोडणे हेही तितकेच अगत्याचे.

दाब वाढला तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही, म्हणून वाचकांनो, त्रासाची वाट न पाहता तो मोजून घ्या, आणि आकडा उतरला म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नका.