पक्षिनिरीक्षकाची दुर्बीण : जुनी आणि नवी

उपकरणांच्या इतिहासांत ‘नवें तें चांगलें’ हें सूत्र इतक्या सहजपणें गृहीत धरलें जातें कीं, तें तपासून पाहण्याची गरजच कोणास भासत नाहीं. परंतु एखाद्या उपकरणाची कुळकथा बारकाईनें वाचूं लागलें म्हणजे प्रगतीचा जिना वाटतो तितका सरळ नाहीं, मध्येंच एखादी पायरी खालींहि उतरते, असें आढळून येतें. पक्षी पाहण्याच्या उत्तम प्रतीच्या दुहेरी दुर्बिणीची गोष्ट अशीच आहे. वडिलांच्या कपाटांत चामड्याच्या पेटींत जपून ठेवलेली जुनी जर्मन दुर्बीण आणि लाख रुपयांहून अधिक मोल देऊन आणलेली नवी दुर्बीण, या दोहोंत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न पक्षिनिरीक्षकांच्या मंडळींत वारंवार निघतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ही दुर्बीण पक्षिवेड्यांच्या हातीं आली कशी, हें पाहणें अगत्याचें आहे.

पक्षिशास्त्राचा पाया बंदुकीनें घातला, हें सत्य कडू असलें तरी नाकारतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पक्षी ओळखणें म्हणजे तो पाडणें, त्याचें कातडें सोलून भरणें आणि मोजमाप घेऊन टांचण लिहिणें असा अर्थ होता. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं १८८५ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला जो संग्रह अर्पण केला, त्यांत साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचीं कातडीं होतीं. हे लोक क्रूर होते असें नव्हे. उडत्या पांखराचें पोट पिंवळें कीं पांढरें, हें शंभर पावलांवरून निश्चित सांगूं शकेल असें साधनच त्यांच्या हातीं नव्हतें. सालिम अली यांच्या पक्षिप्रेमाचा आरंभहि मुंबईंत बाळपणीं हवेच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणींतून झाला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. १८८९ सालीं अमेरिकेंत फ्लॉरेन्स मेरियम या तरुण विदुषीनें नाटकगृहांतील छोट्या दुर्बिणीनें पक्षी कसे पाहावे, यावर पुस्तक लिहिलें, तेव्हां तिनें एका नव्या पंथाची मुहूर्तमेढ रोविली. १९३४ सालीं रॉजर टोरी पीटरसन यांनीं दुरून दिसणाऱ्या खुणांवरून पक्षी ओळखण्याचें मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि १९४१ सालीं सालिम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक मुंबईंत निघालें. जिवंत पक्षी पाहूनच ओळखावा हा आग्रह लोकांत रुजण्यास या पुस्तकांचें साहाय्य झालें. पण तो आग्रह पुरा करण्यास चांगली दुर्बीण हातीं असणें अवश्य होतें.

दुर्बीण जुनी, पण चांगली दुर्बीण अर्वाचीन. हॉलंडमध्यें हान्स लिपर्शे यानें १६०८ सालीं दुर्बिणीचा हक्क मागितला, तेव्हांच सरकारनें त्याजकडून दोन डोळ्यांची दुर्बीण करवून घेतली होती. बहिर्गोल व अंतर्गोल भिंगांच्या या रचनेंत चित्र सुलटें दिसे, परंतु दृष्टिक्षेत्र इतकें अरुंद कीं, जणु किल्लीच्या भोंकांतून पाहावें. केप्लरनें १६११ सालीं सुचविलेल्या रचनेंत दोन्ही भिंगें बहिर्गोल असून दृष्टिक्षेत्र प्रशस्त होतें. मात्र चित्र उलटें दिसे. ताऱ्यांना त्याचें सुखदुःख नाहीं. फांदीवरच्या बुलबुलाला मात्र डोकें खालीं करून पाहणें कोणास रुचेल?

इटालियन शोधक इग्नात्सिओ पोर्रो यानें १८५४ सालीं या अडचणीवर तोड काढली. दोन काटकोनी लोलक एकमेकांशीं काटकोनांत ठेवले म्हणजे प्रकाश त्यांत वळसे घेत सुलटा होऊन बाहेर पडतो, आणि नळीहि आंखूड होते. परंतु त्या काळच्या कांचेंत धागे व बुडबुडे असत. लोलकाच्या जाडींतून जातांना चित्र गढूळ होई. कल्पना चाळीस वर्षें कांचेसाठीं थांबून राहिली. येना शहरीं एर्न्स्ट आबे यांची गणितबुद्धि व ऑटो शॉट यांची कांच यांचा योग जुळून आला, आणि १८९४ सालीं झाइसच्या कारखान्याची लोलकांची दुहेरी दुर्बीण विक्रीस निघाली. लोलकांच्या वळणामुळें पुढचीं भिंगें डोळ्यांतील अंतरापेक्षां दूर बसविणें शक्य झालें. त्यामुळें पानांच्या दाटीतला पक्षी पानांपासून सुटा, उठावदार दिसूं लागला. खांद्यापाशीं रुंद झालेली ही ओळखीची आकृति पुढें सर्वत्र पसरली. १९२० सालीं निघालेली आठपट वर्धनाची, तीस मिलिमीटर भिंगाची ‘डेल्ट्रिंटेम’ हजार मीटरवर दीडशें मीटर रुंदीचा देखावा दाखवी. शंभर वर्षांपूर्वींचा हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

या जुन्या दुर्बिणीचा मोठा दोष अंधुकपणा. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून शेंकडा चार-पांच भाग प्रकाश परत फिरतो. अशीं दहा पृष्ठें ओलांडतांना एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश वाटेंतच हरवतो, व जो इतस्ततः भटकतो तो चित्रावर धुकें पसरवितो. १९३५ सालीं झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनीं कांचेवर प्रकाशलहरीच्या चतुर्थांशाइतकें पातळ पूट चढविण्याची युक्ति शोधिली. पुटाच्या दोन्ही अंगांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींस मारून टाकतात आणि वांचलेला प्रकाश पुढें जातो. पुढें एकावर एक अनेक पुटें देण्याची कला साधली. एखाद्या जुन्या दुर्बिणीच्या भिंगांत निळसर झांक दिसते ती या पुटाचीच.

येथवर प्रत्येक पाऊल वरच्या पायरीवर पडलें. यानंतर मात्र एक विलक्षण प्रकार घडला. लोकांस सरळ नळ्यांची, सुटसुटीत दुर्बीण हवीशी झाली. छपराच्या आढ्यासारखी दोन पृष्ठें काटकोनांत मिळणारा ‘छप्पर-लोलक’ वेट्झलार येथील हेन्सोल्ट यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच वापरला होता. १९६४ सालीं पश्चिम जर्मनींतील झाइसनें अशा प्रकारच्या आटोपशीर लोलकाची आठ-गुणिलें-तीस दुर्बीण काढली, आणि लाइट्झची ‘ट्रिनोविड’हि त्याच सुमारास आपल्या सडपातळ बांध्यानें लोकांच्या मनांत भरली. हातांत धरण्यास ती सुंदर होती; परंतु चित्राच्या धारदारपणांत ती जुन्या पोर्रो दुर्बिणीच्या मागें पडे. छपराच्या आढ्यावर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि ते निरनिराळ्या क्रमानें परावर्तन पावून पुन्हां एकत्र येतात. तोंवर त्यांच्या लहरींचा ताल चुकलेला असतो. दोन गवई एकच चीज गात असून एकाची सम दुसऱ्याच्या आधीं पडावी, तसा हा प्रकार. परिणामीं पिसांवरील बारीक रेघा मवाळ होत. शिवाय या लोलकाच्या एका पृष्ठावर आरशाप्रमाणें धातूचा मुलामा द्यावा लागे व तेथेंहि प्रकाश खर्च होई. १९८८ सालीं झाइसनें लहरींचा ताल जुळविणारें खास पूट प्रसिद्ध केलें, तेव्हां हा दोष हटला. म्हणजे जवळजवळ पाव शतक ‘नवी’ व महाग दुर्बीण ‘जुन्या’ व स्वस्त दुर्बिणीपेक्षां कमी दाखवीत होती!

त्यानंतरची वाटचाल वेगवान आहे. ऑस्ट्रियांतील स्वारोव्स्की कारखान्यानें १९९९ सालीं मध्यें मोकळी जागा असलेली ‘ईएल’ दुर्बीण काढली. २०१० सालीं तिच्यांत कडेपर्यंत चित्र सपाट व स्पष्ट ठेवणारीं भिंगें घातलीं. आणि २०२० सालीं निघालेल्या ‘एनएल प्युअर’ या दुर्बिणीनें आठपट वर्धनास हजार मीटरवर १५९ मीटरांचें क्षेत्र दिलें. १९२० सालच्या दीडशें मीटरांशीं हा आंकडा ताडून पाहावा. शंभर वर्षांत रुंदी नऊच मीटर वाढली. वाढला तो त्या रुंदीचा दर्जा. जुन्या दुर्बिणींत कडेचा पक्षी ठिपक्यासारखा विरघळे, नवींत तो चोंचीसह उभा राहतो. पण या सपाटपणाचेंहि मोल द्यावें लागतें. दुर्बीण आडवी फिरवितांना कांहीं जणांस सारा देखावा गोल चेंडूवरून घरंगळल्यासारखा भासतो. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कारागिरांनीं हाच भास टाळण्यासाठीं चित्रांत मुद्दाम थोडी वक्रता ठेविली होती. नव्यांनीं ती काढून टाकली आणि जुनी तक्रार परत आली.

प्रकाशाचा हिशेब तर याहून मौजेचा आहे. त्याच कारखान्याच्या जुन्या पोर्रो घडणीच्या, पण नव्या पुटांच्या ‘हाबिख्ट’ सात-गुणिलें-बेचाळीस दुर्बिणींतून कारखान्याच्याच आंकड्याप्रमाणें शेंकडा ९६ प्रकाश पार जातो. ‘एनएल प्युअर’मधून ९१. मात्र ‘हाबिख्ट’चें क्षेत्र अवघें ११४ मीटर. एक अधिक उजळ, दुसरी अधिक रुंद. दोन्ही एकत्र मिळणें कठीण. आणखी एक मर्यादा आपल्या डोळ्यांतच आहे. दुपारच्या उन्हांत बाहुली दोन-तीन मिलिमीटरांपुरतीच उघडते. जुन्या आठ-गुणिलें-तीस दुर्बिणींतून येणारी प्रकाशशलाका पावणेचार मिलिमीटरांची, नव्या आठ-गुणिलें-बेचाळीसची सवापांचाची; त्या वेळीं ही अधिक जाडी डोळ्यांत शिरतच नाहीं. तिचा लाभ पहांटे आणि तिन्हीसांजेस.

नवीचें निर्विवाद श्रेष्ठत्व पावसांत दिसतें. जुन्या दुर्बिणीचीं नेत्रभिंगें मागेंपुढें सरतांना प्रत्येक खेपेस बाहेरची दमट हवा आंत ओढून घेत. कोकणांत चार पावसाळे काढले कीं भिंगांवर बुरशीचें जाळें ठरलेलें. नवी दुर्बीण बंदिस्त असून तिच्यांत नायट्रोजन वायु भरलेला असतो. उलट, जुनी बिघडली तर एखादा जाणता कारागीर ती उघडून लोलक पुसून बसवी. नवी बहुधा कारखान्याकडेच धाडावी लागते. कोणास काय हवें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

या साऱ्या मोजमापांपलीकडचा एक हिशेब आपल्या खानदेशांत लिहिला गेला आहे. ह्यूम यांनीं १८७३ सालीं नांव दिलेल्या रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा. १९१४ सालचा म्हणून जो नमुना रिचर्ड माइनर्टझहागन यांनीं दाखविला, तो संग्रहालयांतून चोरून खोटें टांचण लावलेला निघाला. त्या खोट्या टांचणामुळें पुढील शोध भलत्याच जागीं भरकटले. अखेर पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनीं १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, झाडावर बसलेला जिवंत रानपिंगळा पाहिला. मस्तकावर ठिपके जवळजवळ नसणें, छातीवरचा रुंद पट्टा, पिसांनीं झांकलेले पाय, या खुणा पटल्या, चित्रफीत घेतली गेली, आणि ११३ वर्षांनंतर तो पक्षी गोळी न झाडतां शास्त्रांत परतला. कातड्यानें जेथें खोटी साक्ष दिली, तेथें कांचेनें खरी दिली.

२०२४ सालीं एक दुर्बीण अशीहि निघाली आहे कीं, तिच्यांतून पाहतांच ती पक्ष्याचें नांव सांगते. नऊ हजारांहून अधिक पक्षी व प्राणी तिला ओळखतां येतात म्हणे. तिचा धिक्कार करण्याचें कारण नाहीं. पण बंदुकीच्या काळीं पक्षी ओळखतांच आपलें त्याच्याशीं असलेलें काम संपत असे. दुर्बिणीनें तें काम ओळखण्यापाशीं सुरू करून दिलें. नांव आयतें मिळालें कीं पाहणारा तेथेंच दुर्बीण खालीं ठेवील, अशी भीति वाटते. म्हणून ज्यांच्या घरीं जुनी दुर्बीण असेल त्यांनीं ती मोडींत काढूं नये. भिंगें पुसून घ्यावीं, आणि घरांतील एखाद्या मुलास ती गळ्यांत घालून सकाळीं तळ्याकांठीं न्यावें. कडेला थोडें धूसर दिसेल. मध्यें खंड्या बसलेला असेल, तो त्याला पुरेल.