नास्तिकाच्या हातचे शुभवर्तमान

येशू ख्रिस्ताचा चेहरा कसा होता, हे चार शुभवर्तमानकारांपैकी एकानेही सांगितलेले नाही. त्याची उंची, वर्ण, डोळे, केस यांविषयी शुभवर्तमानांत अवाक्षर नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दुःखी सेवकाला तर रूप नव्हते, सौंदर्य नव्हते, असेच म्हटले आहे आणि ख्रिस्ती परंपरेने ते वर्णन येशूला लावले आहे. तरीही प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या मनात एक चेहरा असतोच. कधी तो वेदीमागच्या चित्रावरून आलेला असतो, कधी रविवारच्या शाळेत मिळालेल्या रंगीत चित्रावरून, कधी आजीच्या खोलीतल्या तसबिरीवरून. ख्रिस्तचरित्राच्या चित्रपटाला जाणारा श्रद्धावान प्रेक्षक हा चेहरा बरोबर घेऊन जातो. कथा जाणून घेण्यासाठी तो गेलेला नसतो. कथा त्याला पाठ असते. तो ताडून पाहण्यासाठी गेलेला असतो. इतर चरित्रपटांत नट पसंत पडला नाही तर फार तर संध्याकाळ वाया जाते. येथे भीती निराळी आहे. पडद्यावरचा तो परका चेहरा उद्या प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढे येऊन उभा राहिला, तर?

ही भीती चित्रपटकलेइतकीच जुनी आहे. ल्यूमिएर बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिसला पहिला जाहीर खेळ केला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ख्रिस्ताच्या दुःखसहनाची दृश्ये युरोप-अमेरिकेत पडद्यावर दिसू लागली. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी असाच एक ख्रिस्तपट पाहिला आणि पडद्यावर येशू सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले, ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. मात्र तिची एक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. फाळके यांची कल्पनाशक्ती इतकी मोकळी राहू शकली, याचे एक कारण पडद्यावरचे दैवत त्यांच्या घरचे नव्हते, हेही असावे. ज्यांच्या घरचे ते होते त्यांचे मन त्याच काळात पुरते अडखळले होते. सिडनी ऑल्कट यांनी इजिप्त आणि पॅलेस्टाईनमध्ये चित्रित केलेला 'फ्रॉम द मँजर टू द क्रॉस' हा मूकपट ऑक्टोबर १९१२ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये निमंत्रित धर्मगुरूंना दाखवण्यात आला. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो आदरपूर्वक केलेला वाटला; पण इतक्या पवित्र विषयाचा असा खेळ मांडून तिकिटे विकावीत काय, हा प्रश्न वृत्तपत्रांतून विचारला जाऊ लागला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये चित्रपट परिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले. १९१३ पासून त्याचे काम सुरू झाले तेव्हा त्याचे ठाम निषेध दोनच होते: नग्नता आणि ख्रिस्ताचे सदेह दर्शन. हे दोन निषेध एकाच ओळीत बसावेत, यातील विसंगती तेव्हा कोणाला खटकल्याचे दिसत नाही. दोन्ही गोष्टी पाहण्याच्या नाहीत, एवढाच त्यामागचा साधा हिशेब होता.

पुढील अर्धशतकात हॉलिवूडने या भीतीवर दोन उपाय शोधले. एक अतिसौम्यतेचा: १९२७ च्या 'द किंग ऑफ किंग्ज'मध्ये सेसिल बी. डी मिल यांनी येशूच्या भूमिकेसाठी पन्नाशीचा, भारदस्त, प्रकाशवलयात वावरणारा एच. बी. वॉर्नर निवडला. दुसरा झाकून ठेवण्याचा: १९५९ च्या 'बेन-हर'मध्ये येशू पाठमोराच राहतो, त्याचा चेहरा केवळ समोरच्या माणसाच्या नजरेतून कळतो. दोन्ही उपायांनी प्रेक्षक दुखावला गेला नाही; त्याच्या मनातल्या तसबिरीला धक्का बसला नाही. पण त्या ख्रिस्ताने त्याला काही विचारलेही नाही.

ज्याने विचारले तो दिग्दर्शक श्रद्धावान नव्हता. पिएर पाओलो पासोलिनी हा इटालियन कवी, कादंबरीकार आणि मार्क्सवादी. १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने त्याला काढून टाकले होते. तरी त्याने विचारसरणी सोडली नव्हती. ऑक्टोबर १९६२ मध्ये 'प्रो चिवितात्ते क्रिस्तियाना' या कॅथलिक संस्थेच्या निमंत्रणावरून तो असिसीला गेला होता. त्याच वेळी पोप तेविसावे जॉन द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या यशासाठी प्रार्थना करायला असिसीस आले. गावातले रस्ते गर्दीने तुंबले, आणि खोलीत अडकून पडलेल्या पासोलिनीने उशाशी ठेवलेले शुभवर्तमान हाती घेतले व पहिल्यापासून वाचून काढले. मत्तयाच्या ग्रंथावर चित्रपट करण्याचा विचार त्या वाचनातून उद्भवला. पण चित्रण सुरू होण्यापूर्वीच तो न्यायालयात उभा होता. 'ला रिकोत्ता' या त्याच्या लघुपटात ख्रिस्ताच्या वधस्तंभारोहणाचे चित्रीकरण चालू असता चोराची भूमिका करणारा एक भुकेला गरीब माणूस अधाशीपणे खाऊन खरोखरच वधस्तंभावर मरतो. १९६३ मध्ये राज्यधर्माच्या अवहेलनेबद्दल त्याला चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. पुढे अपिलात ती रद्द ठरली. धर्मनिंदेचा ठपका असलेला हा माणूस आता सबंध शुभवर्तमान पडद्यावर आणणार होता. ज्या कॅथलिक संस्थेच्या सल्ल्याने तो हे करणार होता तिने त्याच्यावर विश्वास टाकला, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे.

१९६३ मध्ये स्थळे पाहण्यासाठी तो एका विद्वान धर्मगुरूला बरोबर घेऊन पॅलेस्टाईनला गेला. गालिलीचा परिसर आणि प्रवचनाची टेकडी यांचा लहानपणा व साधेपणा त्याला विलक्षण भावला. परंतु आजूबाजूला आधुनिक शेती, नव्या वसाहती आणि कारखाने होते. बायबलचा काळ तेथून उठून गेला होता. मग त्याने इटलीच्या दक्षिणेतच पॅलेस्टाईन शोधले. मातेरा या गावच्या डोंगरकपारीत कोरलेल्या घरांतून माणसे आणि जनावरे शतकानुशतके एकत्र राहत होती. १९५२ च्या कायद्यान्वये तेथील कुटुंबांना नव्या वस्त्यांत हलवण्याचे काम सुरू झाले होते. त्या ओसाड होत चाललेल्या गुहांचे यरुशलेम झाले. भोवतालच्या खेड्यांतले शेतकरी, मजूर, दात पडलेल्या म्हाताऱ्या यांचा जनसमुदाय झाला. अशा स्थलांतराचे मराठीला नवल वाटू नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले तेव्हा ख्रिस्तकथेला ओवीचा पेहराव आणि पुराणाचा थाट दिला होता, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन'ही ओवीच्याच वाटेने गेले. फरक आहे तो दुसऱ्या एका बाबतीत. स्टीफन्स यांनी पुराणाच्या रीतीने कथा विस्तारली, संवाद घातले. पासोलिनीने ठरवले होते की मत्तयाच्या शब्दांत भर घालायची नाही आणि पटकथालेखकाचा एकही संवाद येशूच्या तोंडी द्यायचा नाही.

येशूच्या भूमिकेसाठी त्याने एन्रिके इराझोकी हा एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी निवडला. फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध झगडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पाठिंबा मिळवायला तो इटलीत आला होता. अभिनयाशी त्याचा संबंध नव्हता. जोड भुवया, निमुळता चेहरा, रोखून पाहणारे काळे डोळे. चित्रांतल्या सोनेरी केसांच्या ख्रिस्ताशी त्याचे काही नाते नव्हते. हा येशू भराभर चालतो आणि मागून धापा टाकत येणाऱ्या शिष्यांशी मान वळवून बोलतो. हसतो क्वचित, तेही मुलांकडे पाहून. डोंगरावरील प्रवचन म्हणजे केवळ त्याच्या चेहऱ्याची एकामागून एक येणारी समीपदृश्ये आहेत: मागे कधी ढग, कधी वारा, कधी रात्र, जणू ते प्रवचन एका दुपारी उरकले नसून कित्येक दिवस, ऋतूंमागून ऋतू चालले आहे.

येथे श्रद्धावान प्रेक्षकाची खरी परीक्षा सुरू होते. हा येशू त्याला कठोर वाटतो, काही वेळा रागीटही. पण तक्रार करण्यासाठी तो घरी जाऊन मत्तयाचे पुस्तक उघडतो, तेव्हा पडद्यावरचे प्रत्येक वाक्य तेथे सापडते. तलवारीविषयीचे वचन, आईबाप व मुलगा यांच्यातील फाटाफुटीचे वचन, अंजिराच्या झाडाला दिलेला शाप, शास्त्री आणि परूशी यांच्यावरचे ते दीर्घ, निर्दय भाषण. हे सर्व तो मंदिरात अनेकदा ऐकत आला होता. ऐकताना त्याने ते मऊ करून घेतले होते, इतकेच. उलट ज्या गोष्टींमुळे येशू त्याला जवळचा वाटत आला, त्या येथे दिसत नाहीत. उधळ्या पुत्राचा दृष्टांत नाही, चांगला शोमरोनी नाही, विहिरीवरची स्त्री नाही, शिष्यांचे पाय धुणे नाही, जन्मरात्रीचे मेंढपाळही नाहीत. कारण हे सारे लूक वा योहान यांच्याकडचे आहे. भक्तांच्या मनातला येशू चार ग्रंथांच्या मिश्रणातून घडला आहे, हे एरवी अभ्यासकांपुरते असलेले सत्य या प्रेक्षकाला चित्रपटगृहात बसून उमगते. गुड फ्रायडेच्या उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर चिंतन करण्याची प्रथा आहे. मत्तयाकडे त्यांपैकी एकच आहे, आणि तो देवाने आपल्याला का टाकले, असे विचारणारा. मारणाऱ्यांना क्षमा करण्याची प्रार्थना लूककडे आहे. ती येथे ऐकू येत नाही. तिची सवय असलेल्या कानांना ही शांतता जड जाते.

वधस्तंभाखाली उभी असलेली वृद्ध मरिया ही पासोलिनीची स्वतःची आई, सुझाना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो फेब्रुवारी १९४५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, प्रतिकार चळवळीतल्याच विरोधी गटाकडून मारला गेला होता. त्या दृश्यातला तिचा आक्रोश किती अभिनयाचा आणि किती आठवणीचा, याचा निवाडा कोणी करू नये. आणखी अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, तिचा थोरला मुलगाही ओस्तियाजवळ खून होऊन पडणार होता.

'इल वान्जेलो सेकोन्दो मात्तेओ' सप्टेंबर १९६४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. उजव्या गटांनी निदर्शने केली. त्यांना एका कम्युनिस्टाने प्रभूला हात लावलेला नको होता. अनेक डाव्यांनाही तो रुचला नाही. त्यांना आपल्यातल्याच एकाने चमत्कार दाखवलेले नको होते. परीक्षकांचे विशेष पारितोषिक त्याला मिळालेच. शिवाय आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचेही मिळाले. चित्रपट पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला होता; जून १९६३ मध्ये ते निवर्तले होते. इंग्रजी व फ्रेंच नावांत मत्तयाआधी 'संत' हा शब्द जोडण्यात आला, ते मात्र पासोलिनीला आवडले नाही.

चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. चमत्कारांच्या दृश्यांत, विशेषतः भाकरी-मासळीच्या आणि पाण्यावर चालण्याच्या प्रसंगांत, स्वस्त भाविकपणा शिरला, असे पुढे पासोलिनीलाच वाटले, आणि ते खरे आहे. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मूळ शब्दांशी निष्ठा राखण्याची किंमत म्हणून मत्तयातील यहुदी पुढाऱ्यांवरचा सारा विखार जसाच्या तसा पडद्यावर उतरतो. त्या विखाराचा आधार घेऊन ख्रिस्ती युरोपने यहुदी लोकांचे काय केले, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो ऐकवत नाही. येशूच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर सरसकट ठेवता येत नाही, असे व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर वर्षभराने, स्पष्ट केले. चाळीस वर्षांनी, २००४ मध्ये, मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' प्रदर्शित झाला, तेव्हा हाच वाद नव्याने पेटला. त्याचेही यरुशलेम मातेरातच उभे केले होते. तो दिग्दर्शक निस्सीम श्रद्धावान होता, आणि श्रद्धावान प्रेक्षकांनी तो गर्दी करून, रडत पाहिला. त्यात मार आहे, रक्त आहे, बारा तासांची यातना आहे. त्या मरणाऱ्या माणसाने आयुष्यभर लोकांना काय सांगितले, ते मात्र अधूनमधून चमकणाऱ्या पूर्वदृश्यांपुरते उरले आहे. पासोलिनीचा प्रेक्षक रडला की नाही, सांगता येणार नाही. पण त्याने प्रवचन ऐकले. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने १९९५ मध्ये निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत पासोलिनीच्या या चित्रपटाचा समावेश झाला.

लंडनच्या धर्मगुरूंना १९१२ मध्ये दाखवलेला चित्रपट वधस्तंभावर संपत होता. पुनरुत्थान त्यात नव्हते. पासोलिनीचा त्यावर विश्वास नव्हता, पण मत्तयाने ते लिहिले होते आणि मत्तयाचे काही गाळायचे कारण त्याच्यापाशी नव्हते. कबरीचा दगड कोसळतो, आत कोणी नसते, आणि काँगोमधल्या मुलांच्या आवाजातला आफ्रिकी 'ग्लोरिया' एकदम सुरू होतो. खेड्यातली माणसे हातातल्या अवजारांसकट टेकडीकडे धावत सुटतात.