कार्डे किती असावीत?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत शिवशाही, पेशवाई, स्वातंत्र्यलढा असे भारदस्त विषय असताना त्यांच्या पंक्तीला आमचा हा विषय पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना दोष देता येणार नाही. आम्ही दहावीनंतर शाळा सोडली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे आमचा इतिहास राजवाड्यापासून सुरू होत नाही, वाण्याच्या दुकानापासून सुरू होतो.

प्रश्न आमचा नाही, आमच्या एका सभासदाचा आहे. कंत्राटी कामगार, महिना चोवीस हजार पगार. एके दिवशी संध्याकाळी तो कचेरीत आला आणि खिशातून पाच क्रेडिट कार्डे काढून पत्ते मांडावेत तशी त्याने ती टेबलावर मांडली. म्हणाला, "काका, यांतली किती ठेवू?" आम्ही त्याला एकदम आकडा सांगितला नाही. माणसाने किती दारी उधारी ठेवावी हा प्रश्न कार्डापेक्षा फार जुना आहे. आणि आजवरचा इतिहास पाहिला तर त्याचे उत्तर घेणाऱ्याने क्वचितच दिलेले दिसते; ते देणाऱ्यानेच परस्पर देऊन टाकलेले असते. आज एवढीच गोष्ट आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रारंभ या व्याख्यानमालांच्या जन्मवर्षापासूनच करू. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगा म्हटला की रक्तपात डोळ्यांपुढे येतो. पण येथे लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, खाती, गहाणखते हुडकून त्यांची होळी झाली. कागदच का? आपण किती घेतले हे शेतकऱ्याला माहीत होते, पण त्या कागदावर किती लिहिले आहे हे माहीत नव्हते. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोखा नुसता पुढे केला की झाले, असे न मानता न्यायाधीशाने त्याच्या मुळाशी जाऊन मूळ व्यवहार तपासावा, आणि सावकाराने शेतकऱ्याला पावती व हिशेब द्यावा, असे त्या कायद्याने ठरविले. कर्जाचा हिशेब घेणाऱ्याला कळला पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे आले ते असे, होळीच्या धुरातून.

तेच शेतकऱ्याचे पोर पुढे मुंबईच्या गिरणीत आले. येथे त्याला एक सावकार नव्हता, पाच होते. वाणी, कापडवाला, खानावळवाली, नोकरी लावणारा जॉबर, आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी टेकून उभा राहणारा पठाण. यात जातीचा वा प्रांताचा दोष काढण्यात अर्थ नाही. जेथे गरज तेथे दुकान. गरज कोठून आली ती पाहा. पगार महिन्याचा, आणि तो हाती पडे पुढच्या महिन्याच्या मध्याकडे. म्हणजे नव्या कामगाराने पहिला पैसा पाहण्यापूर्वी पाच-सहा आठवडे राबावे! तोवर पोटाला काय? उधारी. आमच्या मते गिरणगावातला पहिला सावकार तो कामगारच. त्याने आपले श्रम गिरणीला बिनव्याजी उधार दिले आणि स्वतःचे पोट भरण्यासाठी व्याजाने पैसे काढले. पगार वेळेवर देण्याचे बंधन कायद्याने आले ते १९३६ साली.

मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात सापडली, आणि व्याजाचा नेहमीचा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. ऐकायला आणा किती लहान! पण एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के, आणि बारा महिन्यांचे झाले पंचाहत्तर टक्के. पुढे १९३१ साली व्हिटले आयोगाने सांगितले की बहुतेक औद्योगिक शहरांतून निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत. वसुलीसाठी कारखान्याच्या दारात दबा धरून बसणे हा गुन्हा ठरवावा, असेही आयोगाने सुचविले. हे कलम ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला लागणार आहे.

मात्र वाण्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात होते. पगार थांबला, पण वाण्याने माप थांबविले नाही. आईच्या पिशवीत लाल पुठ्ठ्याची एक वही असे. तीत वाणी लिहीत गेला, आम्ही खात गेलो. तो धर्मात्मा होता असे नाही. त्याचा भाव बाजारापेक्षा चढा असे आणि तागडीकडे आईला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे. पण चाळ उपाशी राहिली तर आपलेही दुकान बसेल हे त्याला कळत होते. त्याला आमचे तोंड ओळखीचे होते, म्हणून तो थांबला. वडील गिरणीत पुन्हा गेले नाहीत. ती वही फेडायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत आईने दुसऱ्या वाण्याकडे खाते उघडले नाही. "एकाचे तोंड चुकवायला दुसऱ्याचे दार धरले, की दोन्ही दारे गेली," असे ती म्हणे. अर्थशास्त्राची पुष्कळ पुस्तके आम्ही पुढे चाळली. इतके नेमके वाक्य त्यांत आढळले नाही.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण कार्डाचा जन्म तिकडचा आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. त्याचे कार्ड पुठ्ठ्याचे होते. उपाहारगृहात ते दाखवावे आणि महिनाअखेर सारे बिल एकदम भरावे. म्हणजे वाण्याची वहीच, पण बऱ्या कपड्यांतली. खरा फरक पडला १९५८ साली. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो गावी बँक ऑफ अमेरिकेने टपालाने सुमारे साठ हजार कार्डे लोकांच्या घरी पाठविली. कोणी मागितली नव्हती! बिल पुरते भरले नाही तरी चालेल, थोडे भरा, उरलेल्यावर व्याज द्या, ही सोय त्यात होती. शेकडा चार लोक थकतील असा बँकेचा अंदाज होता, थकले बावीस. बँकेला कोट्यवधी डॉलरची खोट आली, पण तिने धंदा सोडला नाही; आणि पुढे त्याच कार्डाचे नाव व्हिसा झाले.

त्यानंतर १९६६ साली शिकागोच्या बँकांमध्ये चढाओढ लागली. नाताळच्या सुमारास लाखो कार्डे टपालात पडली. एकेका घरात अनेक बँकांची कार्डे आली, तान्ह्या मुलांच्या नावाने आली, मेलेल्यांच्या नावानेही आली. कित्येक वाटेतच चोरीला गेली आणि त्यांवर चोरांनी खरेदी केली. त्या घरांत कार्डे किती असावीत हे कोणी ठरविले? त्या घरांनी नव्हे. अखेर १९७० साली अमेरिकेने न मागता कार्ड पाठविण्यास कायद्याने बंदी केली. परंतु १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बँकेचे ठाणे ज्या राज्यात आहे तेथला व्याजदर ती दुसऱ्या राज्यातील गिऱ्हाइकालाही लावू शकते. साउथ डकोटा राज्याने व्याजाची मर्यादा उठविली आणि न्यूयॉर्कच्या एका बड्या बँकेने कार्डाचा धंदा तिकडे हलविला. पाखरू दाण्याकडे जाते, बँक सैल कायद्याकडे जाते.

आपल्या देशात बँकेचे क्रेडिट कार्ड आले ते १९८० साली, सेंट्रल बँकेमार्फत. प्रथम ते साहेबाच्या खिशात होते, १९९० नंतर कारकुनाच्या खिशात आले, आणि आता कंत्राटी कामगाराच्याही खिशात आहे. २०२४ च्या आरंभी देशातील कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. ही संख्या कार्डांची आहे, माणसांची नव्हे. आमच्या टेबलावर त्या सायंकाळी एकट्या माणसाची पाच होती.

त्या पाचांचा हिशेब आम्ही दोघांनी कागदावर मांडला. एकूण थकबाकी दीड लाख. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे रुपयाला अर्ध्या आण्याहून थोडे अधिक. पठाणाच्या निम्म्याहून जास्तच, आणि हे काठी न घेता! तो दरमहा 'किमान रक्कम' भरीत असे, शेकडा पाच, म्हणजे साडेसात हजार. त्यातून व्याज गेले ५,२५०. व्याजावर अठरा टक्के कर ९४५. मुद्दलात पडले अवघे १,३०५ रुपये. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे त्याला ठाऊक नव्हते. पाच कार्डांच्या पाच तारखा. एकाची भरण्यासाठी तो दुसऱ्यावर रोकड काढी, आणि रोकडीला तर बिनव्याजी मुदत मुळीच नसते. सुप्याच्या शेतकऱ्याला अक्षर वाचता येत नव्हते. आमच्या सभासदाला अक्षर येते, पण कागद इतका बारीक छापलेला की ते येऊन न येऊन सारखेच.

सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. न मागता कार्ड देऊ नये. गिऱ्हाइकाने सांगितल्यावर, बाकी फेडलेली असल्यास, सात कामाच्या दिवसांत ते बंद करावे, नाहीतर बँकेने दिवसाला पाचशे रुपये दंड भरावा. बिलाच्या महिन्याची तारीख एकदा बदलून द्यावी, असे नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केले. वसुलीवाल्यांनी सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असेही त्याच वर्षी बजावले. व्हिटले आयोगाचे ते कलम आठवले ना? गिरणीचे दार आता खिशातल्या फोनमध्ये आले आहे, एवढाच फरक. व्याजाच्या मर्यादेची कथा मात्र उलटी आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरविले होते की तीस टक्क्यांवर व्याज घेणे अनुचित होय. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा मर्यादा आता आपणच आपल्याला घालावयाची आहे.

"मग आकडा सांगा," असे आपण म्हणाल. जाणकार सांगतात की दोन-तीन कार्डे असून प्रत्येकावर थोडे थोडे वापरले तर पत चांगली दिसते. जो दरमहा सारे बिल भरतो त्याच्यापुरते ते खरे आहे. त्याला कार्ड म्हणजे दीड महिन्यापर्यंतची बिनव्याजी उधारी. पण पगारदाराला आम्ही सांगतो : एक कार्ड वापरावे, पहिले अडले तर असावे म्हणून दुसरे घरच्या पेटीत ठेवावे, तिसऱ्याची गरज वाटली तर ती गरज कार्डाची नसून पगाराची आहे, आणि तिचे औषध बँकेत नाही, युनियनमध्ये आहे. दोहोंची मिळून मर्यादा एका महिन्याच्या पगारावर जाऊ देऊ नये. तारीख पगारानंतरची मागून घ्यावी. आणि ज्या महिन्यात सारे बिल भरता आले नाही, त्या महिन्यापासून ते फिटेपर्यंत कार्ड कपाटात. कर्ज काढणेच भाग असेल तर आपली पतपेढी आहे. तेथला दर पुष्कळ कमी असतो आणि तेथला चिटणीस आपल्याला नावाने ओळखतो.

हा उपदेश करताना आम्ही सोवळे आहोत असा आव आणणार नाही. बाजारात एका टेबलाशी सही केली की प्रवासाची पिशवी फुकट मिळे, म्हणून आम्हीही एकदा तिसरे कार्ड घेतले होते. पिशवीचा बंद सहा महिन्यांत तुटला. कार्डाची बाकी फिटायला दोन वर्षे गेली.

आपल्या वाटेल, की हा घरखर्चाचा प्रश्न; त्यात चळवळीच्या माणसाने एवढे शिरावे कशाला? तेच सांगून संपवितो. त्या संध्याकाळच्या महिनाभर आधी कारखान्याच्या दारात आमची सभा झाली होती. तीन वर्षे पगारवाढ नव्हती, संपाचा ठराव होता, हात वर करून मत द्यावयाचे होते. वाढीची सर्वांत जास्त गरज ज्याला, त्या या तरुणाचाच हात वर झाला नाही. आम्ही त्या वेळी मनातून त्याला भित्रा म्हटले. पाच कार्डे टेबलावर पाहिल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. त्याच्या हाताला पाच तारखा बांधल्या होत्या. १९८२ साली आमच्या वडिलांचा हात वर झाला, कारण मागे एक वही होती आणि ती लिहिणारा थांबायला तयार होता. यंत्राला थांबणे ठाऊक नाही.

त्याने त्या रात्री पाचातली चार कार्डे आमच्यापुढेच कात्रीने कापली. नुसते कापल्याने कार्ड बंद होत नाही, हे आम्ही त्याला सांगितले. पतपेढीतून कर्ज काढून त्याने दीड लाख फेडले, चारही खाती रीतसर बंद करविली आणि तशी पत्रे घेतली. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत, पण तारीख एकच आहे. पुढच्या सभेला तो पुढच्या रांगेत उभा होता.