तोडा, तोळा आणि ग्रेन

पुणे प्रांताच्या पूर्वेकडील ज्या मुलखास जुन्या दफ्तरांत सुपे व इंदापूर हे परगणे म्हणत, आणि इंग्रजी अमदानीत ज्याचे भीमथडी व इंदापूर असे तालुके झाले, त्याची कीर्ती घोड्यांमुळे झाली, बंदुकीमुळे नव्हे. भीमथडीच्या तट्टाचे गुणगान पुष्कळांनी केले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, हेही सर्वश्रुत आहे. परंतु नळीत बार भरणाऱ्या हाताची दखल घ्यावी असे बखरकारांना क्वचितच वाटले. वास्तविक नेम साधण्याची निम्मी विद्या त्या भरण्यातच होती.

तोड्याच्या बंदुकीची नळी लांब असे, पण आतून गुळगुळीत. शिपायाने शिंगड्यातून दारू ओतावी, शिशाची गोळी व चिंधीचा बोळा गजाने ठासावा, कानाशी रंजक घालावी आणि पेटता तोडा टेकवावा, एवढ्या खटाटोपात नेम चुकण्यास किती वाटा होत्या! साच्यातून काढलेल्या गोळीत पोकळी राहिली, रंजक सादळली, एका बारास दारू चिमूटभर अधिक पडली, की गोळी भलतीकडे गेलीच. त्यातही मुख्य दोष गोळी आणि नळी यांच्यामधील फटीचा होता. ती फट ठेवल्यावाचून काजळी धरलेल्या नळीत गोळी उतरत नसे, आणि ठेवली की गोळी आतल्या आत आपटत, गिरक्या घेत बाहेर पडे. या गिरकीनेच ती मार्ग सोडते, हे इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स याने प्रयोगांनी दाखविले. त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ १७४२ सालचा, म्हणजे पुढे बारामतीकर झालेले मोरोपंत अवघे तेरा वर्षांचे असतानाचा.

आपल्याकडे याची शास्त्रचर्चा झाली नसली तरी दक्षता होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, दारूखाना वस्तीपासून दूर असावा आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हे द्यावीत, अशी ताकीद आहे. हा हुकूम गडकोटांसाठी होता हे खरे. पण दारूची तऱ्हा हवेप्रमाणे बदलते, आणि आज जो बार जोराचा तोच पावसाळ्यात मंद, ही जाण त्यामागे स्पष्ट दिसते. बारामती-इंदापूरच्या अवर्षणी माळावर सादळण्याची ही पीडा कोकणाच्या मानाने कमीच. तेथे अडचण वेगळी. आडोसा नाही, चिंकारा किंवा काळवीट दुरूनच मान वर करणार, आणि त्या अंतरावर गुळगुळीत नळीचा भरवसा धरणे म्हणजे शिसे वाया घालविणे. म्हणूनच की काय, त्या माळाचे खरे मर्मज्ञ जे फासेपारधी, त्यांनी बंदुकीची मिजास न करता फाशावर विश्वास ठेविला.

इंग्रज आले ते मापे घेऊनच आले. प्रिंगलसाहेबाची जमिनीची पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ साली नवी मोजणी इंदापूर तालुक्यातच आरंभिली आणि तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत ठरली. ज्या सरकारला शेताचा गुंठा न् गुंठा कागदावर हवा होता, त्याने बंदुकीचा बार शिपायाच्या अंदाजावर सोडावा हे संभवनीयच नव्हते. १८३३ साली तोळा १८० ग्रेनांचा ठरला. आटे पाडलेल्या नळीच्या एन्फील्ड रायफलीची गोळी ५३० ग्रेनांची, म्हणजे तीन तोळ्यांना किंचित कमी. ती प्रथम ०.५६८ इंच व्यासाची होती. हिंदुस्थानच्या उन्हात काजळलेल्या नळीत ती उतरेना, तेव्हा व्यास ०.५५० इंचावर आणावा लागला. तोडेवाल्या शिपायाची फटीची ती जुनी अडचण विलायती कारखान्यासही चुकली नाही, हे वाचून मला थोडे समाधान वाटते!

मग पितळी काडतूस आले. १८१७ साली पेशवाईचे भवितव्य ज्या खडकीस ठरले, तेथेच १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तेथल्या काडतुसांच्या बुडावर उमटणारी के आणि एफ ही रोमन अक्षरे आजही जाणकार ओळखतात. पुढे रूढ झालेल्या ३०३ रायफलीची १९१० सालची गोळी १७४ ग्रेनांची, एका तोळ्यास सहा ग्रेन कमी. दारू, गोळी, ठासण, सारे यंत्राच्या स्वाधीन झाले. शिपायाकडे शिस्त धरणे तेवढे उरले.

रयतेकडे तेही फारसे उरले नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुळांनी सावकारांची खतपत्रे जाळली. तीनच वर्षांनी, १८७८ साली, हत्यारांचा कायदा आला. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे धाडस मी करीत नाही. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक मात्र खेडोपाडी टिकली, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करण्याचा रिवाजही. तिचा धनी अजूनही आपला बार आपणच भरतो, आणि त्या अर्थाने तो तोडेवाल्याचाच वंशज.

अमेरिकेत बार भरण्याची हीच विद्या आज घरगुती छंद झाली आहे. गोळ्यांचा ग्रूप, म्हणजे निशाणावरचा छिद्रांचा पुंजका, फाकू लागला की जाणता मनुष्य प्रथम दस्त्याचे व दुर्बिणीचे स्क्रू तपासतो, मग आट्यांत साचलेला मळ आणि नळीच्या तोंडाची धार. ते निर्दोष ठरल्यावरच काडतुसाकडे वळून दारू ग्रेनाच्या दशांशापर्यंत तोलतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो, कारण दोन बदलल्या तर गुण कशाचा हे कळत नाही. आपल्याकडे काडतुसे भरणे परवान्याच्या कक्षेत येते. २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांच्या ५० मीटर प्रकारात तर बारीक बोराचे ते काडतूस कारखान्यातून बंद होऊनच येते. तेथे नेमबाजाने करावयाचे ते इतकेच, की निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे आपल्याच नळीतून झाडून पाहावीत आणि जिचा ग्रूप दाट पडेल ती घाणी उचलावी.