सुकापूरचा प्रभाग आणि मागे पडलेले संचयी मत

माथेरानच्या रस्त्यावर, नवीन पनवेलला खेटून असलेले सुकापूर पाली देवद ग्रामपंचायतीत मोडते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, आसपासची २९ गावे तिच्यात गेली. सुकापूर ग्रामपंचायतीतच राहिले. हद्दीच्या दोन्ही बाजूंना मतदाराकडे एकाहून अधिक मते असतात. ग्रामपंचायतीचा प्रभाग साधारणतः दोन-तीन सदस्य निवडतो आणि सरपंचासाठी वेगळे मत असते. महापालिकेच्या बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडले जातात. एका मतदाराला अनेक मते देण्याची ही रीत जुनी आहे. अल्पमतातल्या गटालाही जागा मिळावी यासाठी ती एकेकाळी मुंबई प्रांतात वापरली गेली. पुढे रीत टिकली, तिच्यातले न्यायाचे कलम मात्र गळाले.

ज्या गटाला जितकी मते, तितक्या प्रमाणात जागा, हे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व. ते साधण्याचे मार्ग अनेक आहेत. इंग्लंडमध्ये टॉमस हेअर यांनी १८५०च्या दशकात पसंतीक्रमाची पद्धत मांडली. आयर्लंड आणि माल्टा आजही तिच्या एका रूपाने निवडणुका घेतात. दुसरा मार्ग संचयी मतदानाचा. त्यात जितक्या जागा तितकी मते मिळतात आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येतात. इंग्लंडच्या शाळा मंडळांसाठी १८७० पासून आणि अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधानसभेसाठी १९८० पर्यंत हीच पद्धत होती. काटेकोर अर्थाने ती अर्धी प्रमाणशीर, पण समजायला सोपी.

मुंबई प्रांतात ती १९३५च्या भारत सरकार कायद्यानंतर आली. पुणे करारामुळे दलितांसाठी राखीव जागा संयुक्त मतदारसंघांत ठेवायच्या होत्या. १७५ जणांच्या विधानसभेत अशा १५ जागा होत्या. संयुक्त मतदारसंघात दलितांच्या मतांना वजन राहावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संचयी मतदानाचा आग्रह धरला आणि हॅमंड समितीने आखलेल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत ते लागू झाले. १९३७च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न संविधान सभेत आला. ४ जानेवारी १९४९ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचयी मत सुचवले. त्या दिवशी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला तो खुद्द आंबेडकरांनी. या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते आणि सभागृहाचे तुकडे पडून सरकार अस्थिर होते, ही त्यांची दोन कारणे होती.

करीमुद्दीन यांची सूचना फेटाळली गेली. त्याचा परिणाम पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत दिसला. राखीव जागा असलेले बरेच मतदारसंघ द्विसदस्यीय ठेवले गेले, पण दोन्ही मते एकाला देण्याची मुभा गेली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एकच धरली जाई. मुंबई शहर उत्तर मतदारसंघात आंबेडकर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि तिथे ७४ हजारांवर मते बाद झाली. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेत केली. याचिका फेटाळली गेली. सगळी मते एकालाच देण्याची, १९३७ मध्ये दलित मतदाराचे बळ ठरलेली कृती पंधरा वर्षांत मत बाद होण्याचे कारण झाली होती. १९६१च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द झाले.

स्थानिक संस्थांत बहुसदस्यीय प्रभाग राहिले, ते संचयी मताविना. २४ मे २०१७ रोजी पनवेल महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे होती आणि यंत्रावरच्या मतपत्रिका पांढऱ्या, फिक्या गुलाबी, फिक्या पिवळ्या आणि फिक्या निळ्या. मतदाराने प्रत्येक रंगात एक बटण दाबायचे. ७८ पैकी ५१ जागा भाजपला, शेतकरी कामगार पक्षाला २३, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला प्रत्येकी दोन मिळाल्या. शिवसेनेला एकही नाही.

ग्रामपंचायतीत पक्षचिन्हे नसतात, पॅनेल असतात, गणित तेच. तीन जागांच्या प्रभागात ९०० जणांनी मतदान केले, ५०० एका पॅनेलमागे आणि ४०० दुसऱ्यामागे, असे धरू. प्रत्येक जागेवर ५०० विरुद्ध ४०० होऊन तिन्ही जागा पहिल्या पॅनेलला जातात. संचयी पद्धतीत ४०० जणांची १२०० मते एकाच उमेदवाराला देता येतात. पहिल्या पॅनेलची १५०० मते तिघांत वाटली तर प्रत्येकाला ५००. निकाल दोन-एक लागतो. जुने गावकरी आणि नव्या सोसायट्यांतले रहिवासी एकत्र नांदणाऱ्या सुकापूरसारख्या गावात हा फरक पाणी, रस्ता, कचरा या प्रश्नांवर बोलणारा माणूस सभेत असण्या-नसण्याचा आहे.

हीच विषमता राज्याच्या पातळीवरही दिसते. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला १२.४२ टक्के मतांवर १६ जागा मिळाल्या, तर शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्क्यांवर ५७. लढवलेल्या जागा सारख्या नव्हत्या हे खरे. तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

प्रमाणशीर तत्त्व महाराष्ट्राला परके नाही. महापालिकेच्या स्थायी समितीतल्या जागा पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर वाटल्या जातात. आमदार विधान परिषदेचे काही सदस्य पसंतीक्रमाने निवडतात. जुलै २०२४ मध्ये २७४ मतदार आमदार आणि ११ जागा असल्याने कोटा २३ मतांचा होता, आणि तो न गाठता आल्याने शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पराभूत झाले. लोकप्रतिनिधी आपापसांत जे तत्त्व पाळतात, ते मतदाराच्या वाट्याला येत नाही.

१९४९चे आक्षेप आज ग्रामपंचायतीला लावून पाहिले पाहिजेत. चार रंगांच्या मतपत्रिका हाताळणाऱ्या मतदाराला तीन मते एकाला देणे अवघड नाही. सरपंच थेट जनतेतून निवडला जात असल्याने सदस्यांत दोन गट आले तरी कारभाराचा प्रमुख बदलत नाही. आरक्षणाचीही अडचण येत नाही, कारण १९३७ मध्ये राखीव जागा आणि संचयी मत एकाच मतदारसंघात नांदले होते. विधानसभेसाठी स्थिरतेचा प्रश्न खुला राहतो. गावाच्या प्रभागापुरती मात्र ही पद्धत सध्याच्या रीतीपेक्षा निःसंशय न्याय्य आहे, आणि तिच्यासाठी लागणारा बहुसदस्यीय प्रभाग सुकापुरात आधीच आहे.